न्यायमूर्ती रानडे : विरोधकाचेही ऐकून घेणारा मराठीचा वकील

आमच्या भागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढायला वेळ लागत नाही. दुकानावरची पाटी असो, सरकारी दाखला असो, की मराठी शाळेच्या घटत्या पटाचा प्रश्न असो. बोलणे सुरू होते भाषेवर आणि पाहता पाहता घसरते माणसावर. समोरचा कानडी असेल तर तो आडमुठा ठरतो आणि आपल्यातलाच कोणी जरा सबुरीने घ्या म्हणाला तर तो फितूर ठरतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हे चालत आले आहे. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचे जे व्हायचे ते न्यायालयात होईल. पण रोज एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या माणसांनी आपसांत बोलायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयापुढे नाही. तो आमच्याच दारात उभा आहे.

म्हणून या भाषा विशेषांकाच्या निमित्ताने आम्ही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत. समाजसुधारक, अर्थशास्त्राचे अभ्यासक, मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक म्हणून रानडे सर्वांना ठाऊक आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असतो. परंतु मुंबई विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे केलेला खटाटोप आणि तो करताना पाळलेली रीत यांची आठवण क्वचितच निघते. सीमाभागातील मराठी माणसाला आज जी गोष्ट शिकण्यासारखी आहे ती त्या रीतीतच आहे, असे आम्हाला वाटते.

कोल्हापूरचा अबोल मुलगा

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले आणि माधवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. आमच्या बेळगावपासून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या त्या गावात त्यांनी मराठी शाळेत मुळाक्षरे गिरवली. मूल अबोल होते. वागण्यात चलाखी दिसत नसे. या मुलाचे पुढे कसे होणार, अशी काळजी घरच्यांना वाटे.

पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते. त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली, तिच्यात जे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले त्यांत माधवराव होते. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीतही ते होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांच्या बरोबरीला होते. १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली कायद्याची पदवी त्यांनी घेतली.

विद्यार्थी असतानाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. माधवरावांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजांच्या कारभाराशी तुलना केली आणि ती इंग्रजांना सोयीची नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचले नाही. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. गरजू विद्यार्थ्याला हा मार लहान नव्हता. तरीही ग्रँटसाहेबांच्या विद्वत्तेविषयी माधवरावांना वाटणारा आदर कमी झाला नाही आणि आपले मतही त्यांनी बदलले नाही. तो निबंध लिहिणारा मुलगाच पुढे १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिता झाला. मत सोडायचे नाही आणि मनात अढीही धरायची नाही, ही सवय त्यांना इतक्या लवकर लागली होती.

पुण्याची चर्चा, पुण्याचा चिखल

शिक्षण संपल्यावर माधवरावांनी शिक्षण खात्यात भाषांतरकाराचे काम केले, अक्कलकोट संस्थानात कारभार पाहिला, कोल्हापुरात न्यायाधीश म्हणून काम केले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवले आणि १८७१ साली ते पुण्यात न्यायखात्यात रुजू झाले. आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. या सभेचा एक नियम आजही लक्षात घेण्यासारखा आहे. सभासद व्हायचे तर किमान ५० माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभेत बोलणारा माणूस स्वतःपुरता बोलत नसे. त्याच्या मागे ५० घरे असत आणि त्या घरांना त्याला जाब द्यावा लागे. जबाबदारी आली की जीभ आपोआप आवरते. रानडे या सभेचे मार्गदर्शक झाले. दुष्काळ, सारा, शेतकऱ्यांचे कर्ज यांवर माहिती गोळा करायची, आकडे मांडायचे आणि मगच सरकारकडे अर्ज करायचा, हा त्यांचा शिरस्ता होता.

१८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिच्या आरंभामागे रानडे होते. लोकांनी एकत्र बसून ऐकावे, मग विचारावे, पटले नाही तर तसे सांगावे, हा त्यामागचा हेतू. आज आमच्या भागात गावोगावी ज्या व्याख्यानमाला चालतात, त्यांचे मूळ शोधत गेलो तर बहुधा तिथेच पोहोचू.

त्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. रानडे प्रार्थना समाजाचे. वेद हा अखेरचा शब्द ही दयानंदांची भूमिका त्यांना मान्य असण्याचे कारण नव्हते. तरीही दयानंदांची व्याख्याने पुण्यात व्हावीत म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत रानडे पुढे होते. शहरातून स्वामीजींची मिरवणूक निघाली. विरोधकांनी गाढवाला सजवून दुसरी मिरवणूक काढली. दगड आणि चिखल यांचा मारा झाला. रानड्यांच्या अंगावरही चिखल आला. न्यायखात्यात अधिकारावर असलेल्या माणसाला खटले भरणे अवघड नव्हते, पण त्यांनी ते मनावर घेतले नाही. या मिरवणुकीच्या रक्षणाला महात्मा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले होते, ही गोष्टही विसरू नये. प्रार्थना समाजाचे रानडे, सत्यशोधक समाजाचे फुले आणि आर्य समाजाचे दयानंद यांची मते तीन दिशांची होती. एका माणसाला आपले म्हणणे मांडता यावे एवढ्यासाठी त्या दिवशी ते एका रस्त्यावर आले.

कलकत्त्याचा न्हावी

१८८६ साली सरकारने खर्चाची छाननी करण्यासाठी नेमलेल्या वित्त समितीवर रानड्यांची नेमणूक झाली. त्यासाठी ते पत्नी रमाबाईंसह काही काळ कलकत्त्यात राहिले. परमुलखात काही महिन्यांपुरता मुक्काम, सगळे काम इंग्रजीत. बंगाली आली नाही म्हणून काहीच अडणार नव्हते. तरी रानड्यांनी बंगालीची पुस्तके आणवली आणि दोघांनी अभ्यास सुरू केला.

एके दिवशी रमाबाईंनी पाहिले तो न्हावी हजामत करतो आहे, माधवराव हातात बंगाली मजकूर धरून मोठ्याने वाचत आहेत आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ व उच्चार त्या न्हाव्यालाच विचारत आहेत. रमाबाईंना हसू आवरेना. त्यांनी नवऱ्याची थट्टाही केली. माधवरावांनी दत्तगुरूंचा दाखला दिला. दत्तात्रेयांनी २४ गुरू केले, मग आम्ही एक न्हावी गुरू केला तर काय बिघडले, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे.

आमच्या भागातल्या वाचकाने या प्रसंगापाशी जरा थांबावे. कलकत्त्याला चार दिवसांचा पाहुणा असलेला ४४ वर्षांचा न्यायाधीश शेजारच्या माणसाची भाषा शिकतो, आणि पंडिताकडे न जाता न्हाव्याकडे शिकतो. त्याने त्याची मराठी कमी झाली काय? आमच्यात मात्र कानडी येत असूनही ती बोलायची नाही यात बाणा मानणारे आहेत. आणि मराठी कळत असूनही कळत नाही असे दाखवणारे पलीकडेही आहेत. भाषा लादली जाते तेव्हा तिला विरोध करणे हा हक्क आहे. पण लादणे वेगळे आणि शिकणे वेगळे. या दोहोंची गल्लत दोन्ही बाजूंनी होते, आणि त्यात नुकसान कोणाचे होते हे सांगायला नको.

विद्यापीठातली झुंज

आता ज्या कामासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळू. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्षांत मराठीसारख्या देशी भाषांना परीक्षांत जागा होती. १८६० च्या दशकात ती गेली. प्रवेश परीक्षेच्या पुढे संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा घ्याव्यात असे ठरले. परिणाम असा झाला की पदवीधर होणारा मराठी तरुण इंग्रजी लिही, संस्कृत वाची, आणि आईला पत्र लिहिताना अडखळे.

रानडे १८६५ पासून विद्यापीठाचे फेलो होते. देशी भाषांना पुन्हा जागा मिळावी हा विषय त्यांनी धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. विरोधकांत साहेब होते आणि आपलेही विद्वान होते. त्यांचे म्हणणे असे की या भाषांत पदवीच्या तोडीचे वाङ्मयच नाही; जुनी कविता सोडली तर शिकवायचे काय? हे ऐकून कोणाही मराठी माणसाचे डोके फिरावे. ज्ञानेश्वर, तुकाराम, मोरोपंत ज्या भाषेत झाले तिच्यात वाङ्मय नाही म्हणणाऱ्याला अडाणी ठरवून सभा सोडून जाणे सोपे होते. टाळ्याही मिळाल्या असत्या.

रानड्यांनी तसे केले नाही. विरोधकाचा आक्षेप त्यांनी खरा आक्षेप म्हणून घेतला आणि त्याला उत्तर द्यायचे तर पुरावा हवा हे ओळखले. छापील पुस्तकांची नोंद सरकारदरबारी होत असे. त्या नोंदी त्यांनी पाहिल्या. इतिहास, कथा, नाटक, चरित्र, शास्त्र, भाषांतर अशा शाखांत मराठीत काय निघाले, कुठे वाढ झाली आणि कुठे उणीव आहे, याचा आढावा त्यांनी घेतला. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे १८९८ चे टिपण याच कामातून आले. आपल्या भाषेतली उणीव लपवली नाही, म्हणूनच तिच्या बळाविषयी ते जे सांगत त्यावर लोकांचा विश्वास बसे.

दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. त्या वेळी मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत पुणे-नाशिक होते तसे अहमदाबाद-सुरत होते, आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवारही होते. विद्यापीठापुढचा प्रश्न एकट्या मराठीचा नव्हता. मराठी, गुजराती, कन्नड अशा साऱ्या देशी भाषांचा होता आणि रानड्यांनी तो तसाच मांडला. मराठीसाठी दार उघडायचे तर ते कन्नडसाठीही उघडले पाहिजे, हे त्या वकिलीत गृहीतच होते. धारवाडच्या विद्यार्थ्याने आपल्या भाषेत एम. ए. करावे, ही मागणी निफाडला जन्मलेल्या आणि कोल्हापुरात वाढलेल्या मराठी माणसाच्या मागणीत सामावलेली होती. आमच्या इथे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

या कामी यश आले ते उशिरा आणि अपुरे. रानड्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस, त्यांच्या मृत्यूच्या सुमारास, एम. ए. च्या परीक्षेत देशी भाषांचा प्रवेश झाला. संपूर्ण मागणी मान्य झाली नव्हती. पण पाचर बसली होती. पुढे त्याच जागेतून मराठीचा आणि कन्नडचाही उच्च शिक्षणातला मार्ग रुंद होत गेला. आज कन्नडला २००८ पासून आणि मराठीला ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिलेला आहे. ज्या भाषांत परीक्षा घेण्याजोगे वाङ्मय आहे की नाही यावर एके काळी वाद चालला होता, त्यांचा हा प्रवास आहे.

टिळक आणि रानडे

रानड्यांना सर्वांत कडवा विरोध झाला तो पुण्यातूनच, आणि लोकमान्य टिळकांसारख्या तेजस्वी माणसाकडून. मुलींच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम, १८९१ चा संमतिवयाचा कायदा, सामाजिक परिषद या प्रत्येक प्रश्नावर दोघे समोरासमोर आले. केसरीची लेखणी कशी चाले हे वाचकांना सांगायला नको. १८९५ साली सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली. ज्या संस्थेला रानड्यांनी दोन तपे वाढवले ती हातची गेली. त्याच वर्षाअखेर पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरवण्याची रीत होती. यंदा ती भरवू दिली तर मांडव जाळू, अशी भाषा झाली. रानड्यांनी परिषदेसाठी वेगळा मांडव घेतला. परिषद रद्द केली नाही आणि काँग्रेसही मोडू दिली नाही.

सभा गेल्यावर १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा काढली. उदारमतवाद आणि नेमस्तपणा ही तिची दोन सूत्रे होती. जातीचा वा पंथाचा पूर्वग्रह न ठेवता सर्वांशी न्यायाने वागणे हा उदारमतवाद. आणि जे साधणे शक्य आहे त्यासाठी रोज एक पाऊल टाकणे, देवघेवीने पुढे जाणे, हा नेमस्तपणा. पुढे नेमस्त हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. रानड्यांच्या लेखी तो कामाचा शब्द होता.

या काळातली एक आठवण गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांगितली आहे. वर्तमानपत्रांतून रानड्यांवर जे जहरी लिखाण होई ते सर्व रानडे स्वतः वाचत किंवा कोणाकडून वाचून घेत. वाचणाऱ्याला संकोच होई, पण ते एकही ओळ गाळू देत नसत. त्यांचे म्हणणे असे की टीकेत घेण्याजोगी एखादी सूचना असेल तर ती घ्यावी. नसेल तर वेदना सोसण्याची सवय होते, तीही उपयोगाचीच. आम्ही वर्तमानपत्रवाले आहोत. आमच्याविरुद्ध आलेले पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत आमचाही धीर सुटतो, हे कबूल केले पाहिजे.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानड्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. गारठून पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणि हालचाल आणण्याचे काम माधवरावांनी केले, असा त्याचा आशय आहे. मतभेद टिळकांनी झाकले नाहीत आणि थोरवीही झाकली नाही. इतकी वर्षे ज्याच्याशी वाद घातला त्याच्याविषयी असे लिहिता येणे हे टिळकांचेही मोठेपण होय. पण वाद असा घालणे की विरोधकाला अखेरीस असे लिहिता यावे, हे रानड्यांचे होय.

जिथे सबुरी अपुरी पडली

चरित्र सांगताना उणे तेवढे वगळायचे, अशी आपल्याकडची पद्धत. रानड्यांच्या बाबतीत ती पद्धत त्यांच्याच स्वभावाविरुद्ध जाईल. त्यांच्या सबुरीची किंमत काही वेळा दुसऱ्यांना द्यावी लागली.

१८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुढाऱ्याने आता विधवेशी लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी घाई केली आणि ३१ वर्षांच्या माधवरावांचा ११ वर्षांच्या मुलीशी विवाह झाला. वडिलांचे मन मोडवले नाही, हे खरे. पण चळवळीचा त्याने तेजोभंग झाला हेही खरे. त्या मुलीला त्यांनी शिकवले, आणि रमाबाई रानडे म्हणून तिने पुढे पुण्याच्या सेवासदनासारखी संस्था उभी केली. मात्र त्यामुळे पहिली चूक पुसली जात नाही. ऑक्टोबर १८९० च्या पंचहौद मिशनमधल्या चहाचेही तसेच. मिशनमध्ये दिलेला चहा कोणी प्याले, कोणी पेला तसाच ठेवला, पण नावे छापून आली आणि पुण्यात बहिष्काराचे रण माजले. बरोबरच्या स्नेह्यांच्या घरची कार्ये अडून राहू नयेत म्हणून रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांना तर ते कधीच आपले वाटत नव्हते. आता सुधारकही दुखावले.

तिसरी गोष्ट मराठीच्या व्यासपीठाची आहे. १८७८ साली लोकहितवादी आणि रानडे यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावले. आजच्या साहित्य संमेलनाची सुरुवात तिथून धरतात. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांनाही पाठवले. फुल्यांनी ते नाकारले. शूद्रातिशूद्रांचे माणूस म्हणून असलेले हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, असे त्यांनी रोखठोक कळवले. दहा वर्षांपूर्वी मिरवणुकीच्या वेळी मदतीला धावून आलेल्या माणसाचे हे उत्तर होते. त्याला उद्धटपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. निमंत्रण सौजन्याचे होते. पण सभा कोणाची, विषय कोण ठरवणार आणि ऐकून घेतल्यावर बदलणार काय, हा फुल्यांचा प्रश्न सौजन्याच्या पलीकडचा होता. आमच्या भागातील मराठीच्या मेळाव्यांना हा प्रश्न आजही विचारता येतो. व्यासपीठावर कोण बसते आणि सतरंज्या कोण उचलते? पाटी मराठी असावी म्हणून पुढे होणाऱ्यांनी, पाटीखालच्या दुकानात काम करणाऱ्याचे म्हणणे कधी ऐकले आहे काय?

रानड्यांना हा प्रश्न कळत नव्हता असे मात्र नाही. गोखल्यांनी सांगितलेली आणखी एक हकीकत १८९४ च्या सुमाराची आहे. सोलापूरच्या बाजूने पुण्याला येताना रेल्वेच्या पहिल्या वर्गात एका गोऱ्या अधिकाऱ्याने रानड्यांचे अंथरूण जागेवरून खाली फेकले आणि जागा घेतली. रानडे तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. ते मुकाट्याने दुसरीकडे बसले. पुढे त्या अधिकाऱ्याला आपण कोणाचा अपमान केला हे कळले आणि पुणे स्थानकावर तो माफी मागायला आला. रानड्यांनी पाठ फिरवली. गोखल्यांना वाटले, आता प्रकरण वरपर्यंत जाणार. रानड्यांनी तसे काही केले नाही. गोखल्यांशी बोलताना त्यांनी उलट स्वतःकडेच बोट वळवले. आपण आपल्याच देशातल्या अस्पृश्यांना रोज असेच वागवतो, मग दुसऱ्याविरुद्ध तक्रार करताना आपले मन कितपत स्वच्छ आहे, असा त्यांचा सवाल होता.

सीमाभागातील मराठी माणसाचे गाऱ्हाणे खरे आहे. आपल्या भाषेत कागद मागताना होणारा अपमान आम्ही जाणतो. परंतु हे गाऱ्हाणे मांडताना आमच्या हाताखालच्यांशी, आमच्यातल्याच लहान गटांशी, आमच्या गावात अल्पसंख्य असलेल्या भाषांच्या माणसांशी आम्ही कसे वागतो, हे विचारण्याचे धैर्य रानड्यांकडून घेतले पाहिजे. त्याने आमची मागणी दुबळी होत नाही. ती मागणारा स्वच्छ होतो.

आमचे म्हणणे

१८९७ च्या अखेरीस अमरावतीची काँग्रेस आटोपून गोखले आणि रानडे रेल्वेने परतत होते. पहाटे चारच्या सुमारास गोखल्यांना जाग आली तेव्हा रानडे अंथरुणावर बसून हलक्या टाळीवर तुकोबांचे अभंग म्हणत होते. गळा गोड नव्हता, पण ऐकणाऱ्याला उठून बसावेसे वाटले, असे गोखल्यांनी नमूद केले आहे. मराठीवर त्यांचे प्रेम असे होते. ते सिद्ध करण्यासाठी कोणाची पाटी फोडावी असे त्यांना कधी वाटले नाही.

कोणी म्हणेल, ते दिवस वेगळे होते. रानड्यांपुढे सीमाप्रश्न नव्हता. खरे आहे. आमच्यावर लाठ्या खाण्याची पाळी आली, माणसे गेली, ती जखम सभ्यपणाच्या उपदेशाने भरणारी नाही. आम्ही कोणाला मागणी सोडा असे सांगत नाही. रानड्यांनी मराठीची मागणी मरेपर्यंत सोडली नव्हती. आमचे सांगणे इतकेच आहे की आपल्या बाजूचे कागद आणि आकडे नीट जुळवावेत, समोरच्याचा आक्षेप पुरता ऐकून घ्यावा, आपल्यासाठी जे मागतो ते त्याच्यासाठीही मागावे, आणि सबुरीने घ्या म्हणणाऱ्या आपल्यातल्या माणसाला फितूर ठरवण्याआधी तो काय म्हणतो ते विचारावे.

उद्या सकाळी आमच्यापैकी अनेकजण कानडी न्हाव्याकडे दाढीला जातील आणि अनेक कानडी मंडळी मराठी न्हाव्याकडे जातील. तिथे वर्तमानपत्र पडलेले असते. रानड्यांनी कलकत्त्यात जे केले ते करायला तेवढे पुरेसे आहे.